अर्धा गुडघा, पूर्ण गुडघा

माझ्या उजव्या गुडघ्यात पूर्ण सांधा बसवला, लातूरला. माझा धाकटा चुलत भाऊ देविदास याचा अर्धाच बदलला, नांदेडला. सगळा घोळ या दोन शब्दांनी केला. 'पूर्ण' म्हटलं की जास्त, 'अर्धा' म्हटलं की कमी. मग अर्धावाला मांडी घालून बसतो आणि पूर्णवाल्याला ती घालता येत नाही, हे आमच्या नात्यात कुणाला पटणार?

"तुमचा तर पूर्ण हाय ना? मग वाकवा की!"

खरं तर देविदासच्या गुडघ्याची आतली बाजू तेवढी झिजली होती. सांधा धरून ठेवणारे बंध शाबूत होते. माझं सगळंच गेलं होतं. आता दुखत नाही, चालतो, जिना चढतो. पण एका मर्यादेपुढे गुडघा वाकत नाही, आणि ताणून वाकवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. मी वाचलंयही त्याबद्दल बरंच. पण समजावू लागलो की समोरचा दुसऱ्याच वाक्याला चहाच्या कपात बघू लागतो. मग मलाच वाटतं, व्यायामात मीच कमी पडलो असेन.

अशात भाची रूपालीच्या मुलाचं जावळ ठरलं, माझ्या बहिणीच्या घरी, रेणापूरला. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. रूपालीला भाऊ नाही, म्हणून तिचा मामा, म्हणजे मी, बसणार होतो. तिचं स्वतःचं जावळही माझ्याच मांडीवर झालं होतं. मला ते फार हवं होतं. बोललो मात्र कुणालाच नाही.

अंगणात पाट मांडला होता. माउली न्हावी वस्तरा घेऊन तयार. मी पाटाकडे बघत उभा राहिलो. पाट भलताच खाली दिसत होता.

"काय करायलेत, अण्णा? पोरगं रडायलंय," देविदास म्हणाला. "सरका. तुम्हाला न्हाई जमायचं."

"खुर्ची घेतली तर..."

"खुर्ची? जावळ हाय का सलून?"

सगळे हसले. देविदास ऐटीत पाटावर बसला आणि मांडी थोपटून दाखवली. "बघा! अर्ध्यावर एवढं. पूर्ण बसवला असता तर कबड्डी खेळलो असतो."

"जाऊ दे, अण्णा," माझी बहीण सुभद्रा म्हणाली. "त्यो बी मामाच हाय."

रूपाली बाळाला घेऊन निघालीसुद्धा त्याच्याकडे. मला काहीतरी म्हणायचं होतं. म्हटलंही.

"काय म्हणला?" सुभद्राने विचारलं.

पुन्हा म्हटलं. नेमका तेव्हाच शेजारी कुणीतरी मिक्सर लावला.

"मोठ्यानं बोल की, अण्णा! जन्मभर असंच पुटपुटायचं."

"मामाची मांडी लागते की जमीन लागते?" मी ओरडलो. फारच मोठ्याने. मिक्सर तोवर बंद झाला होता. बाळ दचकून गप्प झालं.

सुभद्राने माझ्याकडे बघितलं. मग देविदासकडे वळली. "ऊठ रे."

"का?"

"मांडी द्यायची असती, घालायची नसती. खुर्चीत बसलं म्हणून मांडी कुठं जाती का माणसाची?"

"मला बी बरंच हाय," माउली म्हणाला. "लई वाकाय नको."

"मग मी काय करू?" देविदास.

"तुला वाकता येतंय न्हवं?" सुभद्रा म्हणाली. "मग खाली सांडतील ते केस उचल."

प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली फरशीचा तुकडा लावला. मी बसलो. रूपालीने बाळ मांडीवर दिलं. पहिल्या बटेलाच त्याने माझं धोतर भिजवलं, पूर्ण गुडघ्यापर्यंत.

"बघा, अण्णा, पूर्णच भिजवला!" खालून देविदास.

जावळ संपेस्तोवर बाळ रडून रडून झोपलं. माझ्या शर्टात केस टोचत होते. गुडघा ताठू लागला होता. रूपाली म्हणाली, "मामा, द्या इकडं." देविदास म्हणाला, "द्या अण्णा, उठता यायचं न्हाई नंतर." एका जागी फार वेळ बसू नका, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं.