सासूबाईंच्या रेकॉर्डरमधली डिस्क

सासूबाईंनी टीव्हीच्या रेकॉर्डरचं काम मला सोडून धाकट्या जावयाला सांगितलं, हे मला बायकोकडून कळलं. तेसुद्धा कपडे वाळत घालता घालता. "रविवारी आईकडे जायचंय हं, धाकटे रेकॉर्डरची डिस्क बदलणार आहेत," असं म्हणून तिने पुढचा शर्ट झटकला. मी चिमटे देत उभा होतो. उरलेले चिमटे कठड्यावर ठेवले आणि आत जाऊन बसलो.

मी टीव्ही दुरुस्त करतो. टीव्ही, रेकॉर्डर, सेटटॉप बॉक्स, ज्याला म्हणून पडदा किंवा रिमोट आहे ते सगळं. बावीस वर्षं झाली. सासूबाईंच्या घरात मी एकदाही उघडली नाही अशी वस्तू नाही. दारावरची घंटासुद्धा मी दोनदा बदलली आहे. आणि धाकटे, म्हणजे माझे साडू, ते एका मोठ्या कंपनीत कुणाला रजा द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवतात. या घरात येऊन त्यांना तीन वर्षं झाली, मला सोळा. सोळा वर्षं ज्याने कोपरापर्यंत हात काळे केले त्याला डावलून रजेचे अर्ज वाचणाऱ्याला स्क्रू काढायला बोलवायचं, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

बायकोला मी म्हटलं, आईंनी मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्हाला रविवार एकच मिळतो, कशाला त्रास म्हणून नसेल सांगितलं. मी म्हटलं, मग मला जेवायला तरी कशाला बोलावलंय? ती म्हणाली, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

काम कसलं होतं ते सांगतो. सासरे टेबल टेनिसचे पंच होते. स्थानिक क्रीडा वाहिनीवर सामने लागायचे, त्यात बऱ्याचदा ते असायचे. घरातून निघताना रेकॉर्डर लावून जायचे, आणि घरी आल्यावर ती मॅच एकदाही बघायचे नाहीत. मागच्या वर्षी ते गेले. रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर त्यांच्या एकोणीस मॅच निघाल्या. सासूबाईंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पडद्यावर सासरे दिसतातही थोडेच, कडेला एक कोपर आणि गुणांचे आकडे उलटणारा हात. पण आवाज सगळा त्यांचा. "सात-चार." "आठ-चार." दुपारी त्या एखादी मॅच लावतात आणि समोर बसून भाजी निवडतात. मी एकदा विचारलं होतं, कोण जिंकतंय? त्या म्हणाल्या, बघितलं नाही.

आता ती डिस्क भरत आली होती. त्या मशीनची खोड अशी की जागा संपली की ते न विचारता सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकतं. हे कळल्यापासून सासूबाईंनी घाबरून आपल्या मालिका रेकॉर्ड करणंच बंद केलं होतं. म्हणजे चौपट मोठी डिस्क बसवायची आणि जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर आणायचं, एवढंच काम. माझ्या दुकानात त्यासाठी मशीन आहे. दोन डिस्क लावायच्या, बटण दाबायचं, चहा पिऊन यायचं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता तोंड घालायचा माझा स्वभाव नाही. म्हणजे आहे, पण त्या दिवशी नव्हता.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा धाकटे आधीच जमिनीवर चटई टाकून बसले होते. नवा कोरा स्क्रू ड्रायव्हरचा संच, एकेका खाचेत एकेक, अजून किमतीचं लेबल न काढलेला. हातात पातळ रबरी मोजे. बाजूला एक वही, तिच्यात कामाच्या पायऱ्या नंबर घालून लिहिलेल्या. हा माणूस प्रत्येक गोष्ट अशीच करतो. फोन घेतला तर आधी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचतो. माझी मेहुणी त्यांच्या शेजारी बसून स्क्रू एका वाटीत गोळा करत होती, जशी काही हिरेच वेचते आहे. सासूबाई मला म्हणाल्या, "या, बसा. बघा की हे किती पद्धतशीर करतायत." मी म्हटलं, हो ना.

मला म्हणे खिडकीजवळच्या खुर्चीत बसा, तिथून नीट दिसतं. सोळा वर्षांत मी या घरात खुर्चीत बसून काम बघितलेलं नव्हतं. सासूबाईंनी चहा आधी त्यांना दिला, मग मला. माझ्या चहात साखर जास्त होती, का मला तसं वाटलं कोण जाणे.

खरं सांगायचं तर माणूस बरं काम करत होता. झाकण न ओरखडता काढलं. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, वायर पुन्हा तिच्या जागी लावली. मशीन चालू केलं तर पडद्यावर आलं, नवीन डिस्क सापडली. घरात एकदम आनंदीआनंद. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पाठीवर हात पडल्याचं मला आठवत नाही, दारावरची घंटा बदलली तेव्हाही नाही.

मग त्यांनी जुनी डिस्क लॅपटॉपला लावली. वहीत पायरी नंबर नऊ: जुन्या मॅच कॉपी करणे. इथे घोडं पेंड खाणार होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. रेकॉर्डरची डिस्क लॅपटॉपला वाचताच येत नाही. त्याला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते, आणि तो शहाण्यासारखा विचारतो की फॉरमॅट करू का. म्हणजे सगळं पुसून नव्याने तयार करू का. दुकानात महिन्याला एक तरी माणूस "हो" म्हणून येतो आणि मग माझ्यासमोर डोकं धरून बसतो.

लॅपटॉपने विचारलं. सासूबाई आणि दोघी बहिणी तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. धाकट्यांचा हात थांबला. त्यांनी वही बघितली, वहीत हे नव्हतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दादा, हे म्हणतंय फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही. करू ना?"

एका शब्दाचं काम होतं. "नको" एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. पण मला त्या क्षणी काय दिसलं सांगू? मला दिसलं की आता याची जिरणार. फॉरमॅटने रेकॉर्डिंग खरोखर पुसली जात नाहीत, पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटल्यासारखं होतं. पानं जागच्या जागी असतात, आणि ती परत लावणं माझा रोजचा धंदा आहे. म्हणजे थोडी रडारड होणार, मग सगळे माझ्याकडे वळणार, मी डिस्क दुकानात नेणार आणि दोन दिवसांनी एकोणीसच्या एकोणीस मॅच घेऊन परत येणार. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त कुणाला काय येतं एवढं सगळ्यांना कळणार होतं.

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं आणि कप घेऊन गॅलरीत गेलो.

गॅलरीत उभा राहून मी सावकाश चहा प्यायलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पुढे काय बोलायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं: "अहो, एवढंच ना, होतं असं कधीकधी." मोठ्या मनाने म्हणायचं. दहा-अकरा मिनिटं गेली असतील, पण आतून आरडाओरडा काही ऐकू येईना.

मी आत आलो. धाकटे मांडी घालून पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती आणि आकडा होता, चौदा टक्के.

"अजून चाललंय?" मी विचारलं.

"हो. पटकन होणारं फॉरमॅटपण होतं, पण मी म्हटलं, करायचंच तर नीट करावं."

पटकन होणारं फॉरमॅट अनुक्रमणिका फाडतं. नीट केलेलं फॉरमॅट पान न् पान कोरं करत जातं, पहिल्यापासून, आणि कोरं झालेलं पान जगात कुणालाही परत लिहिता येत नाही. मलाही नाही. त्या माणसाचा स्वभाव मला तीन वर्षं माहीत होता. त्या स्वभावाची टिंगल करण्यात माझी अर्धी जेवणं गेली होती. आणि नेमकं तेच माझ्या हिशेबात आलं नाही. मी कप टाकला आणि वायर खेचून काढली.

पुढचं लांबण लावत नाही. काय झालंय हे धाकट्यांना समजलं तेव्हा ते मोजे न काढताच तोंडावर हात घेऊन बसले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "सगळ्या गेल्या?" मी म्हटलं, बघतो. डिस्क दुकानात नेली, शटर अर्धं ओढून घेतलं आणि तीन दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. तेरा मॅच निघाल्या. सहा गेल्या. सगळ्यात जुन्या सहा, सासऱ्यांचा आवाज अजून दमदार होता तेव्हाच्या.

तेरा मॅच नव्या डिस्कवर घालून दिल्या तेव्हा सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले. मेहुणी म्हणाली, दादा होते म्हणून. बायकोने मला घरी गेल्यावर काहीही कारण नसताना आवडीचं जेवायला केलं. धाकट्यांनी सगळ्यांसमोर, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा, चूक आपली म्हणून कबूल केली. मला विचारलं होतं हे कुठेच म्हणाले नाहीत. मला वाटतं ते त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. त्यानंतर त्यांनी सासूबाईंकडे जाणं सोडलं. मेहुणी एकटीच यायची. मला जे जे हवं होतं ते ते सगळं मिळालं होतं, आणि पहिला आठवडा, लपवून काय करू, मला ते गोडही लागलं.

तीन आठवड्यांनी सासूबाईंनी मला बोलावलं, रिमोटचं एक बटण अडकत होतं. मी ते साफ करून दिलं. त्यांनी मॅच लावली आणि शेंगा सोलायला घेतल्या. मी निघतो म्हटलं तर म्हणाल्या, बसा जरा.

"मी ते काम त्यांना मुद्दाम सांगितलं होतं," त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या. "सगळं तुम्हीच करता. तीन वर्षांत त्यांना या घरात कुणी एक खिळा ठोकायला सांगितलं नाही. माणसाला परकं वाटतं हो. म्हटलं, एक काम त्यांच्या हातून होऊ दे. आणि तुम्ही शेजारी असणार, म्हणून मला घोर नव्हता."

मी ताटातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही 'तुमचं तुम्ही बघा' म्हणालात, ते मी आतून ऐकलं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, यांचा त्यांच्यावर विश्वास बसला एकदाचा."

टीव्हीतून सासरे म्हणाले, "आठ-सहा." मला त्या खुर्चीत बसवेना.

"आई, मला माहीत होतं," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं तेव्हाच माहीत होतं. नको म्हणायला पाहिजे होतं, मी म्हटलं नाही. तुम्ही त्यांचं कौतुक करत होतात, ते मला बघवत नव्हतं."

आधी त्यांना नीट कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, चहा, पाठीवरचा हात, गॅलरीत ठरवून ठेवलेलं वाक्यसुद्धा. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की माझीच मला शिसारी आली. त्या ऐकत राहिल्या. शेंगा सोलायचं थांबल्या नाहीत, पण दाणे आणि सालं एकाच ताटात टाकत होत्या. तो गेम संपला, पुढचा सुरू झाला.

"त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी सांगतो. उद्या जाऊन सांगतो.

"उद्या नको. आत्ता सांगा. इथे बसून."

त्यांनी रिमोट घेऊन आवाज बारीक केला. मी फोन लावला. धाकट्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "दादा, अजून एखादी मॅच निघाली का?"