यादीत नसलेली डिस्क

शुक्रवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा मेल आला, तो सर्व्हरकाकांनी तीनदा वाचला. त्यात तीनदा वाचण्यासारखं काही नव्हतं. "दादा, उद्या तुझ्या जुन्या सर्व्हरची कॉपी घेतोय. खाली दिलेल्या डिस्क घेणार आहे. बघून घे आणि बरोबर आहे का ते कळव." खाली दोन डिस्कची नावं होती. मशीनमध्ये डिस्क तीन होत्या.

तिसरी अगदीच एवढीशी. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झाला आणि मशीन उठेना, तेव्हा काकांनी कुठली तरी जुनी डिस्क आत बसवली आणि मशीन सुरू करणाऱ्या फायली तिच्यावर टाकल्या. बघणाऱ्याला ती रिकामीच वाटायची. पण वीज आली की मशीन आधी तिच्याकडे जायचं, तिला विचारायचं आणि मगच मोठ्या डिस्ककडे वळायचं. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. काकांनी ती कुठे लिहून ठेवली नव्हती, आणि विसरले म्हणून नव्हे. जे कागदावर उतरतं ते कुणालाही जमतं, आणि कुणालाही जमणाऱ्या कामासाठी आपल्याला कोण ठेवणार? या एका विचारावर काकांनी हॉस्पिटलच्या त्या सर्व्हरखोलीत एकोणीस वर्षं काढली होती.

आता खोलीच जाणार होती. हॉस्पिटलने नवं दणकट मशीन घेतलं होतं. जुना सर्व्हर सगळाच्या सगळा त्याच्या पोटात घालायचा. म्हणजे लोखंडी खोकं राहणार नाही, नुसती त्याची कॉपी त्या मशीनच्या आत चालत राहील. हे काम काकांच्या सख्ख्या भावाच्या कंपनीला मिळालं होतं. मोठ्या साहेबांनी काकांना बोलावून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमचं नंतर बघू." चोपन्नाव्या वर्षी 'नंतर बघू'चा अर्थ समजायला काकांना शिकवणी लावायची गरज नव्हती.

तर काकांनी मेलला उत्तर लिहिलं, "ठीक आहे." आणि दिलं पाठवून.

बेत साधा होता. कॉपी होईल, पण उठणार नाही. धाकटा डोकं आपटून घेईल आणि शेवटी दादाला फोन करेल. दादा जाईल, साहेबांच्या देखत अर्ध्या तासात मशीन उठवून दाखवेल, आणि हा माणूस लागतो बुवा, हे साहेबांच्या डोक्यात पक्कं बसेल. अगदीच काही अडलं तर जुनं मशीन आहेच, बटण दाबलं की चालू. कुणाचं काही नुकसान नाही. असं काकांनी शुक्रवारी झोपताना स्वतःला समजावलं, शनिवारी जेवताना समजावलं आणि रविवारी दाढी करताना पुन्हा समजावलं. पहिल्याच वेळी पटलं असतं तर तीन-तीनदा कशाला समजवावं लागलं असतं?

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"दादा, उठतच नाहीये रे. काळा स्क्रीन येतो आणि डिस्क सापडत नाही म्हणतंय. येतोस का जरा?"

"चहा घेतो आणि येतो," काका म्हणाले. चहा घेऊन झालेला होता. त्यांनी आणखी एक कप मागितला आणि सावकाश प्यायले.

"भावाचं काम अडलंय आणि तुम्हाला हसू कसलं येतंय?" बायकोने विचारलं.

"हसतोय कुठे?"

"मग आरशात बघा."

ते निघाले, तेवढ्यात आईचाही फोन येऊन गेला. धाकट्याने तिलाही कळवलं होतं. आई म्हणाली, त्याला तेवढं सांभाळून घे, तू मोठा आहेस. मोठा आहेस हे आई गेली पंचेचाळीस वर्षं सांगत होती. पहिला कॉम्प्युटर उघडून दाखवला तो काकांनी, पहिल्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला तो काकांनी. आता धाकट्याच्या हाताखाली सहा माणसं होती आणि काकांच्या हाताखाली एक कुरकुरणारी खुर्ची.

सर्व्हरखोलीत धाकटा लॅपटॉप मांडून बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. काकांनी स्क्रीनकडे बघितल्यासारखं केलं, हनुवटी खाजवली, दोन-तीनदा 'हं' केलं. मग म्हणाले, "असं कर, आधी जुनं मशीन चालू करून दे. लोकांची कामं होऊ देत. मग निवांत बघू."

धाकटा वाकला. त्याने जुन्या खोक्याचं बटण दाबलं. पंखे घरघरले, आणि मग आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. मोठी डिस्क फिरायला बघत होती आणि फिरत नव्हती.

"काल कॉपी संपल्यावर बंद केलं," धाकटा म्हणाला. "सकाळपासून हे असंच."

चार वर्षं हे मशीन एकदाही बंद झालेलं नव्हतं. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थंड पडली की पुन्हा फिरेलच असं नसतं, हे त्यांनी स्वतः दहा जणांना ऐकवलं होतं. स्वतःच्या बेतात मात्र हे साफ विसरले. शहाणपणा करायला गेलो आणि चांगलाच अंगाशी आला, असं त्यांना वाटलं. ते उघड कुणाला सांगताही येईना.

तेवढ्यात रक्तपेढीच्या ताई दारात आल्या. या बाई एरवी कधी आवाज चढवत नसत.

"काका, आलात का? बरं झालं बाई! मला एका पेशंटची जुनी नोंद हवीय. आजोबांना आधी दोनदा रक्त दिलंय. त्यांना सगळं रक्त चालत नाही. कुठलं चालत नाही ते तुमच्या त्या मशीनमध्ये आहे. एक वाजता ऑपरेशन आहे."

"वहीत नाही?" काकांनी विचारलं.

"वही बंद करून सहा वर्षं झाली. तुम्हीच तर म्हणालात, मशीन आहे तोवर वही कशाला. पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या म्हटलं तर त्या करणारा माणूस आज सुट्टीवर आहे. आजोबा रात्रीपासून उपाशी आहेत हो. पाणीसुद्धा नाही."

"करतो," काका म्हणाले. "लगेच करतो."

आता नाटक संपलं. त्यांनी धाकट्याला उठवलं आणि खुर्चीत बसले. साडेदहा झाले होते.

"दादा, तुला कळलं का काय झालंय?"

"मशीन सुरू करणाऱ्या फायली दुसऱ्याच डिस्कवर होत्या. त्या कॉपीत आल्या नाहीत."

"दुसऱ्या कुठल्या डिस्कवर?"

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. छोटी डिस्क काढून जोडून बघितली, तर तीही मुकी. म्हणजे आता ते सगळं नव्याने करावं लागणार होतं. त्यांनी दुरुस्तीची सीडी लावून कॉपी उठवली, मोठ्या डिस्कच्या शेवटी थोडी जागा मोकळी केली, तिथे एक छोटा कप्पा पाडला, मशीनने सुरुवातीला तिथेच बघावं अशी खूण केली आणि एकेक आज्ञा टाइप करून फायली लिहायला घेतल्या. दोनदा अक्षरं चुकली. एकदा चुकीच्याच कप्प्यावर लिहायला निघाले होते. धाकट्याने वेळेवर मनगट धरलं म्हणून बरं. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं. ताई मधूनमधून डोकावत होत्या आणि दर वेळी घड्याळाकडे बघून जात होत्या.

बारा वाजता काकांनी मशीन सुरू केलं. काळा स्क्रीन गेला आणि ओळखीचं चित्र आलं. "बघ!" काका ओरडलेच. चित्र दोन सेकंद टिकलं, मग सगळा स्क्रीन निळा झाला. वर पांढरी अक्षरं आणि एक आकडा. मशीन पुन्हा सुरू झालं, पुन्हा चित्र आलं, पुन्हा निळं.

हे काकांना ठाऊक नव्हतं. असं काही असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. छोटी डिस्क एवढंच कुलूप आहे आणि किल्ली आपल्या खिशात आहे, अशा समजात ते गेले तीन दिवस होते. त्यांनी मघाचंच सगळं पुन्हा केलं. पुन्हा निळं. आणखी एकदा केलं. तोवर साडेबारा वाजून गेले होते.

"दादा, सरक," धाकटा म्हणाला.

"थांब, मी बघतो."

"अरे, हा ड्रायव्हरचा घोळ आहे. ऊठ तू."

काका उठले. धाकट्याने त्यांच्या जागी बसून बोटं चालवायला घेतली आणि करता करता सांगत गेला. ते सांगणं वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं होतं. जुन्या खोक्यात डिस्कचं एक कार्ड होतं, जुन्या सिस्टीमला तेवढंच ओळखीचं. नव्या मशीनमध्ये कार्ड वेगळं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, सिस्टीमच्या आत असतो, पण कधी लागला नाही म्हणून बंद पडून असतो. त्याला सुरुवातीलाच उठायला सांगायचं, बस्स. त्याने सिस्टीमची नोंदवही बाहेरून उघडली, एक आकडा बदलला, सगळं मिटवलं आणि मशीन सुरू केलं. मशीन उठलं.

"प्रत्येक जुन्या मशीनला हे होतं," धाकटा म्हणाला. "त्या सुरुवातीच्या फायलींचा टप्पा ओलांडला असता तर सकाळीच झालं असतं. ती दुसरी डिस्क कुठून आली तेच मला कळत नाहीये."

ताईंना नोंद मिळाली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी कागद छापून घेतला आणि धावल्या. पण नुसती नोंद मिळून भागणार नव्हतं. तसं रक्त शोधायचं होतं, जुळवून बघायचं होतं. पावणेदोनला त्या परत आल्या तेव्हा चालत आल्या.

"डॉक्टर थांबले नाहीत. ऑपरेशन उद्यावर गेलं," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे आजोबांना पाणी दिलं. असो, तुम्ही होतात म्हणून नोंद तरी मिळाली, काका. नाहीतर आम्ही काय केलं असतं?"

काकांना वाटलं, जमीन दुभंगावी. त्याऐवजी दारातून मोठे साहेब आले. ऑपरेशन रद्द झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि रविवारचं जेवण टाकून ते आले होते.

"काय झालं होतं?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकट्याने ड्रायव्हरचं सांगितलं. मग थांबला. "आणि एक छोटी डिस्क होती, साहेब. ती कॉपीत आली नाही."

"का?"

"यादीत नव्हती."

"यादी कुणी केली?"

"मी केली." धाकट्याची नजर फरशीवर होती. काकांना वाटलं, एवढ्यावर थांबेल. आपला भाऊ आहे, थांबेल. "पण दादाला तपासायला पाठवली होती. दादाने ठीक आहे असं कळवलं होतं."

ताई कागदांची चवड छातीशी धरून तिथेच उभ्या होत्या. साहेब काकांकडे वळले.

"तुम्हाला ह्या डिस्कचं माहीत होतं की नव्हतं?"

नव्हतं म्हणावं, तर एकोणीस वर्षं ज्या मशीनच्या उशाशी बसलो त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही, असं होणार. होतं म्हणावं, तर 'ठीक आहे' का लिहिलं, याचं उत्तर द्यावं लागणार. काकांनी धाकट्याकडे बघितलं. धाकटा डोळ्यांनी खुणावत होता. नाही म्हण, नाही म्हण.

"माहीत होतं," काका म्हणाले. "मीच बसवली होती."

"मग सांगितलं का नाही?"

काकांनी टेबलावरची छोटी डिस्क उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. ताईंना बहुतेक साहेबांच्या आधी उलगडलं. त्यांनी काकांकडे असं बघितलं, की त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मग त्या निघून गेल्या.

साहेब ओरडले नाहीत. ओरडण्याइतकंही त्यांनी काकांना मानलं नाही. "खोलीची चावी द्या," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. पत्र घरी येईल."

बाहेरच्या बोळात धाकट्याने मागून येऊन गाठलं. "काय हे, दादा! नाही म्हणायचंस ना! मी सावरून घेतलं असतं."

"कसं सावरलं असतंस?"

"म्हणालो असतो, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, वय झालंय, नसेल राहिलं लक्षात. दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावर बसवलं असतं तुला. निवृत्तीपर्यंत निघालं असतं."

"माझ्या लक्षात नाही राहिलं? माझ्या मशीनमधलं?" काकांचा आवाज बोळभर घुमला. "आणि तू सांगणार, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावणार? लबाड म्हणून काढलं ना मला? काढू दे. अडाणी म्हणून नाही काढलं. तिथलं सगळं मला येत होतं!"

"हो, दादा," धाकटा म्हणाला.

चटकन म्हणाला. आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणतात तसं. काकांना त्यातलं सगळं कळलं. धाकट्याने त्यांना निळ्या स्क्रीनसमोर तेच तेच टाइप करताना अर्धा तास बघितलं होतं. त्यांनी चालायला सुरुवात केली.

दाराजवळच्या बाकावर आजोबांची मुलगी बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. काकांना बघून ती उठली. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? उद्या पुन्हा नाही ना हो बंद पडणार?"

"नाही पडणार," काका म्हणाले. "आता त्याला सांभाळायला कुणी लागत नाही."

बाईचा जीव भांड्यात पडला.