घास पोचेपर्यंत

सुगंधाचा उजवा हात दिवाळीच्या तोंडावर भाजला. शंकरपाळे तळताना कढई कलंडली आणि कढत तेल बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत गेलं. हात वाचला. जखमांवर मांडीची कातडी लावली, तीही देवाच्या दयेनं धरली. आता प्रश्न होता तो हात सरळ होण्याचा. भाजलेली जागा भरून येताना आवळत जाते, ओलं चामडं वाळताना आवळतं तशी. कोपराच्या आतल्या बाजूनं ती एकदा आवळली की दुमडलेला हात दुमडलेलाच राहतो. डॉक्टरसाहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, कातडी मऊ आहे तोवर काय ते करून घ्या, नाहीतर पुन्हा सुरी लावावी लागेल.

मी तेव्हा पालघरच्या त्या दवाखान्यात नवीन होते. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांतून कुठकुठली माणसं येऊन राहिली होती. सुगंधाचा नवरा, खंडेराव, तिथेच कामाला होता. मूळ सिन्नरकडचा. माझं काम म्हणजे रोग्यांचे आखडलेले हातपाय हलते करणं. फिजिओथेरपी हा शब्द वॉर्डात कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून भागी आया मला 'हात वढनाऱ्या बाई' म्हणायची. तिच्याबरोबर सगळेच म्हणू लागले.

सुगंधाचा हात ओढायला मात्र मला मिळेना. मधे तिची सासू होती.

रंभाबाई सिन्नरहून तार मिळताच निघून आल्या होत्या. उंच, सडपातळ बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, बोलणं ठणठणीत. सुनेच्या खाटेशेजारी चटई टाकली आणि तिथेच राहिल्या. मी हात सरळ ठेवायला प्लास्टरची पट्टी बांधून जायची. सकाळी येऊन बघावं तर पट्टी सोडून उशाशी ठेवलेली, कोपराखाली गोधडीची मऊ घडी, आणि हात छान दुमडून छातीशी. सुगंधा सुखानं झोपलेली. विचारलं तर रंभाबाई म्हणायच्या की पोरीला कळ लागत होती, बघवेना. मी समजावलं की हाताला जे सुखाचं वाटतं तेच त्याच्या वाईटाचं आहे. त्या मान डोलावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधडी.

शेवटी मी म्हटलं, निदान जेवताना तरी हिला स्वतःच्या हातानं जेवू द्या, बोटं तरी हलतील. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. रंभाबाईंनी वणीच्या देवीला बोलून ठेवलं होतं. सून बरी होईपर्यंत तिला हातानं घास घ्यायला लावणार नाही, मीच भरवीन. आणि तोवर मी भाकरीला शिवणार नाही.

हे दुसरं ऐकून भागीनं कपाळाला हात लावला. सिन्नरकडची बाई बाजरीशिवाय राहते म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं. दवाखान्यात दोन्ही वेळा भात. रंभाबाई तो खायच्या, पण भात खाल्ला तरी जेवल्यागत वाटत न्हाई म्हणायच्या.

डॉक्टरसाहेब फेरीला आले तेव्हा मी सगळं त्यांच्या कानावर घातलं. ते चांगले मनुष्य होते, पण घाईत होते. म्हणाले, त्यांना सांगा व्रत सोडा म्हणून, देवी काही रागावणार नाही. मी हो म्हटलं, पण सांगायला जीभ वळेना. माझी स्वतःची सकाळची पोथी झाल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. कुणी मला ते सोडा म्हटलं असतं तर मी गप्प बसून नंतर तेच केलं असतं. रंभाबाईही तेच करत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या चटईवर जाऊन बसले आणि विचारलं, की रंभाबाई, तुमच्याकडे अशा व्रताचं उद्यापन कसं करतात? त्यांना बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्यांना देवीचं कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी रीतसर सांगितलं. देवीची ओटी भरायची. पाट मांडायचा. आणि ज्याच्यासाठी व्रत धरलं त्यानं आपल्या हातानं भाकरी मोडून व्रत करणाराच्या तोंडात घास घालायचा. त्या घासानं व्रत सुटतं.

"कुठल्या हातानं?" मी विचारलं.

"उजव्याच. डाव्या हातानं कोन कुनाला घास घालतं, नलूताई?"

"आणि तुम्ही वाकून घ्यायचा का तो?"

"मी कशाला वाकू. मी पाटावर ताठ बसनार. घास माझ्यापर्यंत आला पायजे."

मी सुगंधाचा दुमडलेला हात हळूच उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, हा हात असाच राहिला तर हिचा घास हिच्या स्वतःच्या तोंडाशी पोचेल, त्याला काही अडचण नाही. तुमच्या तोंडाशी कसा पोचणार? हात दुमडला की आपलं तोंड, सरळ झाला की दुसऱ्याचं.

रंभाबाईंनी त्या कोपराकडे बघितलं. मग स्वतःचा हात दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. उठल्या, सुनेच्या कोपराखालची गोधडी काढली आणि झटकून स्वतःच्या चटईवर अंथरली.

"बांधा ती तुमची पट्टी," म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझी सगळी शिस्त त्यांनी आपल्याकडे घेतली. सकाळी कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवून बोटं उघडायची आणि मिटायची, मग मी कोपर हळूहळू लांबवायची. सुगंधा रडायची. पूर्वी तिच्याआधी रंभाबाई रडायच्या. आता त्या पदरानं तिचे डोळे पुसायच्या आणि मला म्हणायच्या, चालू द्या, तिचं मी बघते. सुगंधा मला हळूच म्हणाली की आत्याबाईंपेक्षा तुमीच बऱ्या होत्या.

पण खरी कसरत दुपारची. घास भरवायचा सराव करायचा तर समोर तोंड हवं, आणि रंभाबाईंनी भाकरी खाल्ली तर व्रत मोडणार. म्हणून समोर भागीला बसवलं. खंडेराव पाळीवरून सुटला की बोईसरच्या शेजारीण रत्नाबाईंनी थापलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन गाडीनं यायचा. सुगंधानं त्याच उजव्या हातानं तुकडा मोडायचा, ठेच्याला लावायचा आणि स्टुलावर बसलेल्या भागीच्या तोंडात घालायचा. भागी जन्माची भात-मासळीवाली. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. आठवडा गेला नाही तोच डबा आला का म्हणून विचारायला लागली. रंभाबाई चटईवर बसून तो वास घ्यायच्या आणि आवंढा गिळायच्या.

हात जसजसा लांबेल तसतसं मी स्टूल मागे सरकवायची. एका दिवशी स्टूल चांगलं मागे नेलं तरी घास बिनचूक पोचला. मी खूश. खंडेरावही खूश. रंभाबाई मात्र उठून बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता परत घाल. सुगंधानं घातला.

"हात लांबला न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. "हिची मान लांबली."

भागी तोंडात घास तसाच धरून म्हणाली, "पोरीला किती तरास होतो, तुमाला दिसत नाय काय? मी जरा पुडं झाले तर काय बिगडलं?"

"देवीला फसवतेस. मान मागं घे. बगळ्यावानी काय करतेस?"

त्या दिवसापासून भागीला भिंतीला टेकून बसवलं. वरून रंभाबाई तिच्या डोक्याला हात लावून उभ्या. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. सुगंधाही हसायची, आणि हसता हसता कोपर रडताना जायचं त्याच्या पुढे जायचं. हे मी शिकले ते तिथे. पुढे कितीक रोगी हाताखालून गेले, पण मी शक्यतो कुणाला रडवून हात सरळ केला नाही.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी रंभाबाईंनीच ठरवलं की आज उद्यापन. मी म्हटलं, अजून थोडे दिवस जाऊ द्या, कोपर पुरतं सुटलेलं नाही, घास पोचला नाही तर पोरीचा धीर सुटेल. त्या म्हणाल्या, पोचंल. मला खात्री नव्हती. सकाळी पोथी वाचताना माझं लक्ष दोनदा सुटलं, हे काही बरं नव्हे, पण सुटलं.

रत्नाबाई स्वतः भाकऱ्या घेऊन आल्या. देवीच्या तसबिरीची ओटी भरली. खाटेसमोर स्टूल, त्यावर पाट, त्यावर रंभाबाई. भिंतीसारख्या ताठ. सुगंधानं भाकरीचा तुकडा मोडला, अंगठा आणि दोन बोटांत नीट धरला. हात निघाला. कोपर उघडत गेलं, आणखी उघडलं, आणि रंभाबाईंच्या ओठांपासून थोडं अलीकडे थांबलं. सुगंधाच्या कपाळावर घाम आला.

"आत्याबाई, जरा पुढं या ना."

रंभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या दिवसांत त्यांनी भाकरी तोंडात घेतली नव्हती आणि ती नाकासमोर होती. मान थोडीशी पुढे केली असती तर संपलं असतं. मला वाटलं, करा, एवढ्यानं काही बिघडत नाही. मी जवळजवळ बोललेच.

"मी न्हाई येनार," त्या म्हणाल्या. "तू ये, बाई."

सुगंधानं श्वास घेतला, दात आवळले, आणि कोपर सरळ झालं. माझ्याही अपेक्षेहून सरळ. घास रंभाबाईंच्या तोंडात गेला आणि बोटंही थोडी गेली.

रंभाबाईंनी घास सावकाश चावला, गिळला, हात जोडले. मग सुनेचा हात धरून कोपरापासून बोटांपर्यंत आपला तळवा फिरवला, जसं काही धान्य निवडावं. कुठे बाक राहिलाय का बघत होत्या.

मग उठल्या, स्टूल हातभर मागे ओढलं, पुन्हा ताठ बसल्या आणि तोंड उघडलं.