चौकोनाचा मध्य

हौशी माणसांकडून माहिती काढायची तर आधी त्यांचा चहा प्यावा लागतो, मग त्यांच्या गुडघेदुखीची हकिगत ऐकावी लागते, आणि एवढं करूनही ती ताकास तूर लागू देत नाहीत. माझं कामच हे. गावोगावी अशी मंडळी असतात, सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारी, कुठल्या ओढ्याला कासव आलं नि कुठल्या झाडावर घुबड बसलं याच्या नोंदी ठेवणारी. त्या नोंदी त्यांच्या कपाटात पडून राहतात. हातापाया पडून त्या राष्ट्रीय नोंदसंग्रहात आणायच्या, यासाठी मला पगार मिळतो. पूल बांधणाऱ्याला निदान कळावं की इथे आधीपासून कोणीतरी राहतंय.

या सगळ्यांत नदीगटाने माझ्या नाकी नऊ आणले. गट म्हणजे तिघं. चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले काका, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि एक दातांची डॉक्टर. काका म्होरके. नदीवर पाणमांजरांचं एक कुटुंब होतं आणि त्याची जागा काकांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितली नव्हती. पूर्वी एकदा कुणाच्या तरी तोंडून अशी जागा फुटली होती, मग कातड्यांसाठी सापळे घेऊन माणसं आली. त्यामुळे मी कितीही गोड बोलले तरी काका चष्मा पुसत राहायचे.

शेवटी मीच तोडगा काढला. नकाशावर एकेका किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात. नेमकी जागा नका सांगू, म्हटलं, नुसता चौकोन सांगा. पाणमांजर कुठल्या कपारीत आहे ते तुमच्या पोटात राहू दे. तिघांनी बाजूला जाऊन खलबत केलं आणि हो म्हणाले. वर दुधात साखर म्हणून काकांनी त्यांच्या गुरूंच्या जुन्या नोंदीही द्यायचं कबूल केलं, जंगल पार नदीपर्यंत होतं त्या काळातल्या. आमच्या धंद्यात जुन्या नोंदी म्हणजे सोनं. मी घरी येताना गाडीत गाणं म्हटलं.

आता संगणकाला ‘इथे कुठेतरी’ कळत नाही. त्याला ठिपका लागतो. चौकोन दिला की तो बरोबर मधोमध ठिपका ठेवून मोकळा होतो. हे आमच्या कचेरीत सगळ्यांना माहीत आहे, त्यावर आमचे विनोदही चालतात. एका शहरात गरुडाचं घरटं बँकेच्या तिजोरीत आहे, एका ठिकाणी कासवं न्यायालयात अंडी घालतात. ठिपका खरा नाही हे आम्हाला माहीत असतं, म्हणून आम्ही तो तसाच राहू देतो.

नदीगटाच्या नोंदी चढवल्यावर मी सहज नकाशा मोठा करून पाहिला. नदी चौकोनाच्या एका कडेने जात होती. मधोमध गल्ली होती, गल्लीत एक छप्पर होतं, आणि ते छप्पर माझ्या मावशीचं होतं.

आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. लोकांचे कपडे शिवून शिवून तिची पाठ वाकली, पण मला कधी उसवलेला फ्रॉक घालावा लागला नाही. आता ती एकटीच असते. माझ्याकडे राहायला ये म्हणून मी किती मागे लागले, पण ती जागची हलत नाही. मी तिला फोन करून चिडवलं की तुझ्या स्वयंपाकघरात पाणमांजरं राहतात असं सरकारदरबारी नोंदलं गेलंय. ती म्हणाली, मग भांडी घासायला लाव त्यांना. आम्ही दोघी खूप हसलो.

थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज जपून बोलल्यासारखा होता.

“चिमणे, तू त्या दिवशी चेष्टाच करत होतीस ना?”

मी गेले. माझ्याकडे तिच्या घराची किल्ली असते, पण दार तिनेच उघडलं आणि बोट ओठांवर ठेवून मला आत नेलं. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बगळा उभा होता. ताटाळ्यात खंड्या बसला होता, ओळीने बेडूक होते, दोन कासवं होती, टेबलाच्या पायाला विळखा घालून पाणसाप होता. आणि पाणमांजरं, पिल्लांसकट, ओलीचिंब. नदी इथून चालत दहा मिनिटांवर, तरी त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि जमीन मात्र कोरडी होती. बगळ्याच्या चोचीखाली बेडूक होता, पण बगळा त्याच्याकडे पाहत नव्हता. सगळ्यांची तोंडं खोलीच्या मधल्या एका फरशीकडे होती. मी फोनवर नकाशा उघडला. ठिपका त्याच फरशीवर होता.

आधी बेडूक आले, मावशी सांगत होती, मोरीतून आले असतील असं तिला वाटलं. मग एकेक करून बाकीचे. कोणी काही खात नाही, घाण करत नाही, तोंडातून आवाज काढत नाही. दूध ठेवलं तर त्यावर साय धरली, पण कोणी हुंगलंही नाही. आता ती भिंतीला धरून ओट्यापर्यंत जाते आणि चहा करून शिवणाच्या खोलीत पळते.

“त्या फरशीवर तेवढा पाय द्यायचा नाही,” ती म्हणाली. “काल चुकून पडला. तर सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.”

मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, माझ्या घरातून मी का जाऊ, ज्यांनी चूक केली त्यांनी निस्तरावी. चूक माझी होती. संध्याकाळपर्यंत सगळं सरळ करते असं सांगून मी नदीवर गेले.

काका आणि ड्रायव्हर काठावर बसले होते. दुर्बिणी मांडीवर पडल्या होत्या. नदी वाहत होती, पण तिच्यात काही नव्हतं. किडासुद्धा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला की आठवडाभर असंच आहे, विष कालवलं म्हणावं तर मेलेलं काही सापडत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील, निदान मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. काकांनी फक्त विचारलं, सगळे तिथे आहेत का? मी म्हटलं, जे जे तुम्ही दिलंत ते सगळे.

“आणि जुन्या नोंदी?” काकांनी विचारलं. “त्या चढवल्यात?”

आज दुपारीच चढणार होत्या. सकाळीच पुढे पाठवल्या होत्या, आता त्या माझ्या हातात नव्हत्या. काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. त्यांच्या गुरूंनी या नदीवर लांडगा पाहिला होता. शेवटचा. आणि जिवंत पाहिला नव्हता. वस्तीतल्या एका बाईला त्याने दारातून ओढून नेलं, म्हणून लोकांनी त्याला गोळी घातली आणि काठ्यांनी त्याची मान मोडली, तेव्हा गुरूंनी जाऊन नोंद केली. आमच्या पद्धतीत मेलेला प्राणीही नोंदला जातो. मेला होता की जिवंत, हे लिहायला वेगळी जागा असते, पण ठिपका सारखाच पडतो, त्याच चौकोनाच्या मधोमध.

मग ज्या जागांसाठी मी वर्षभर चहा प्याले त्या काकांनी एका दमात सांगून टाकल्या, ही कपार, तो वाकलेला उंबर, तो लांडगा त्या खडकाखाली. ठिपके त्या खऱ्या जागांवर हलवा म्हणून मी आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, दुरुस्ती तपासणी समितीपुढे ठेवावी लागेल, समिती पुढच्या महिन्यात बसते. मी म्हटलं, साहेब, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, नोंदी प्राण्यांच्या आहेत ना? मी फोन ठेवला, नाहीतर शिव्या दिल्या असत्या.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. चोरांपासून जपायचा चौकोन आम्ही झाकू शकतो. झाकला की नकाशावर तिथे काहीच दिसत नाही, कोणालाही नाही. मी गाडीत बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि चौकोन झाकला. ठिपका गेला. नदीकडून ड्रायव्हरची हाक आली. पाण्यात बेडूक उड्या मारत होते. हुश्श म्हणून मी मावशीकडे निघाले.

गल्लीत शिरले. लाँड्री होती. निळ्या फाटकाचं घर होतं. त्याच्या पुढचं घर मावशीचं, आणि त्याच्यापुढे शाळामास्तरीणबाईंचं. पण निळ्या फाटकाच्या घराला लागूनच मास्तरीणबाईंची भिंत होती. मध्ये बोट शिरेल एवढीही फट नव्हती. मी भिंतीवर हात फिरवला, ती उन्हाने तापली होती. मास्तरीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी मावशीबद्दल विचारलं तेव्हा त्या आठवू लागल्या, मग म्हणाल्या की इथे शिवणकाम करणारं कोणी कधी नव्हतं. या बाईंचे झंपर तीस वर्षं मावशीने शिवले. त्यांच्या अंगावर होता तोही तिचाच.

मी फोन लावला. घंटा वाजली आणि मावशीने उचलला.

सगळे गेले म्हणाली, एकदम गेले, घर कसं मोकळं झालं. आवाजात आनंद होता. पण दूध आणायला म्हणून तिने दार उघडलं होतं, तर बाहेर गल्ली नव्हती. अंधार नव्हता आणि उजेडही नव्हता. तिने दार लावून घेतलं आणि आता यंत्रावर बसून काहीतरी शिवत होती, हात रिकामे नकोत म्हणून.

मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं. चौकोन उघडला तर घर परत येईल, पण जुन्या नोंदी एव्हाना चढल्या असतील, त्यांत लांडगा आहे आणि तो मेलेला आहे. नाही उघडला तर तिथे ती सुखरूप राहील. फोन लागेल तोवर बोलता येईल. कधीतरी समिती बसेल. मी निवड तिच्यावर टाकत होते आणि त्याची मला लाज वाटत होती.

यंत्राचा आवाज थांबला.

“उघड,” मावशी म्हणाली. “एकटीने सुखरूप राहून मी काय करू? तू ये. मग दोघी मिळून बघू त्याच्याकडे.”

मी रस्त्यातच बसून लॅपटॉप उघडला आणि चौकोन मोकळा केला. डोळे वर केले तर घर होतं, दोन्ही भिंतींच्या मध्ये, जसं नेहमी असायचं तसं. मास्तरीणबाई कुंडीवर वाकल्या होत्या, त्यांनी वर पाहिलंही नाही. फोन अजून चालू होता.

“आले गं सगळे,” मावशी हळू म्हणाली. “तोही आलाय. मान एका बाजूला लोंबतेय त्याची.”

तू कुठे आहेस, मी विचारलं. शिवणाच्या खोलीत, ती म्हणाली, दाराला यंत्र लावलंय. मग त्याला फरशीकडे तोंड करून बसू दे, म्हटलं, बाकीचे बसतात तसा.

“नाही,” ती म्हणाली. “हा नाही बसत.”

मी दाराशी पोचले तेव्हा आतून नखांचा आवाज येत होता. सावकाश, फरशीवरून, पुढच्या दाराकडे. आवाज दाराच्या पलीकडे येऊन थांबला आणि दाराखालच्या फटीतून कोणीतरी श्वास आत ओढला. माझ्या पावलांवर गार वारा लागला.

“चिमणे,” फोनमध्ये मावशी म्हणाली, “तू जा. ऐक माझं, जा.”

जन्मभर ती मला ये म्हणत आली होती. जा असं तिने मला कधी म्हटलं नव्हतं.

मी कुलपात किल्ली घातली.

“आलेच,” म्हटलं, आणि फिरवली.