दीप्तीचा हेड आणि रंगूबाईंचे धवले

मी एक जुना हेड आहे. हेड म्हटल्यावर तुम्हाला शाळेतले हेडसर आठवतील. तो मी नव्हे. मी हार्ड डिस्कच्या पोटातला, वाचणारा आणि लिहिणारा हेड. मोहरीच्या दाण्याएवढा.

मित्रांनो, कॉम्प्युटरमधल्या त्या चपट्या डबीत एक चकचकीत तबकडी गरगर फिरत असते. तिच्या वेगाने हवा माझ्या तळाखाली शिरते आणि त्या हवेवर मी तरंगतो. केस उभा चिरून त्याचे हजार भाग केले, तरी त्यातला एकही मावणार नाही एवढीच जागा आम्हा दोघांत असते. शिवलो तर ओरखडा पडतो. दूर गेलो तर वाचता येत नाही. असं जगणं वाट्याला आल्यावर जिवाला स्वस्थता कुठून मिळणार?

जिने मला घडवलं, तीही तशीच होती. दीप्ती उबाळे तिचं नाव. ठाकुर्लीच्या चाळीत वाढलेली, रेल्वेतल्या वायरमनची मुलगी. परीक्षेचा अभ्यासही ती गॅलरीत येरझाऱ्या घालत करायची. शेजारी कुरकुरायचे. तिची आई शकू म्हणायची, "दीप्ते, पायाला भिंगरी बांधलीय का गं? एका जागी बसून वाच की."

"बसले की डोकं बंद पडतं, आई."

इंजिनिअर होऊन ती ठाण्यातल्या एका कंपनीत लागली. हेड बनायचे परदेशात, पण त्यांचा आकार कसा असावा हे ठाण्याच्या त्या ऑफिसात ठरायचं. तेव्हाच्या हेडना एक दुखणं होतं. डबी कितीही घट्ट बंद केली तरी आत बारीक कण राहायचे. ते हेडच्या तळाला साचले की तो डगमगायचा आणि एक दिवस तबकडीवर आदळायचा. असं फार वेळा होत नसे, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं. दीप्तीला मात्र ते सलत राहिलं.

"चालतंय ना? मग हात कशाला लावतेस?" तिचे साहेब प्रशांत सर विचारायचे.

"चालतंय म्हणजे अजून पडला नाही, एवढंच ना, सर?"

माझ्याआधी माझी कितीतरी भावंडं तिच्या टेबलावर आली आणि गेली. कुणी तरंगलंच नाही, कुणी भलतंच उंच उडालं. जेवणाचा डबा तसाच परत घरी जायचा. शेवटी तिने माझ्या तळाला तिरप्या पन्हळी कोरायचं ठरवलं. आलेला कण तळाखाली अडकायच्या आत पन्हळीतून बाजूला निघून जाईल, असा तिचा हिशेब होता. तो बरोबर निघाला.

एवढ्यावर ती थांबली असती तर ती दीप्ती कसली? वाचताना हेडचं टोक किंचित तापवून, फुगवून तबकडीजवळ न्यायची युक्ती जगात आधीपासून होती. दीप्तीने तिला उलटी जोड दिली. धक्का बसल्याची चाहूल लागताच तापवणं त्याच क्षणी बंद करायचं, म्हणजे टोक आपोआप वर ओढलं जातं. या दोन्ही कामांना पेटंट मिळालं. शकूने चाळीत पेढे वाटले. शेजारणीने विचारलं, पोरीने शोधलं तरी काय? शकू म्हणाली, "कॉम्प्युटरची सुई."

दीप्ती दुरुस्त करायला गेली, मग म्हणाली, "हो, सुईच."

मी त्या जातीच्या पहिल्या डिस्कमधला. मला भट्टीत तापवलं, यंत्रावर हादरवलं, चालू असताना टेबलावर आपटलं. मी टिकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती डिस्क आठवण म्हणून दीप्तीला दिली. माझे जातभाई घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये गेले.

पुढे न फिरणाऱ्या, नुसत्या चिपवर चालणाऱ्या डिस्क आल्या. त्यांत तबकडी नाही, म्हणून हेडही नाही. ठाण्याचा तो विभाग बंद झाला. प्रशांत सर निवृत्त झाले. दीप्ती मोबाइल ॲप तपासायच्या नोकरीला लागली. काम बरं होतं, माणसं चांगली होती, पण तिचा जीव त्यात रमेना. घरी आली की ती शोकेसमधून माझी डबी काढायची, हातात फिरवायची आणि परत ठेवायची. आतल्या आत मीही तळमळत होतो. पंख्याचा नुसता आवाज आला तरी वाटायचं, तबकडी फिरू लागली.

मग एका रविवारी कल्याणहून फोन आला. बोलणाऱ्याचं नाव विकी. तो बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून द्यायचा. प्रशांत सरांनी त्याला दीप्तीचा नंबर दिला होता.

"मॅडम, तुमच्याच मॉडेलची डिस्क आलीय. चालू असताना पडलेली. हेड गेलेत. दुसऱ्या डिस्कचे हेड टाकले तर वाचेल, पण हे मॉडेल बंद झालंय ना. सगळीकडे शोधलं. तुमच्याकडे एखादी आहे का?"

दीप्तीने शोकेसमधून माझी डबी काढली. "बघते," म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली. मला पर्समध्ये घेतलं होतं.

विकीच्या दुकानात रुचिता बसली होती. शीळफाट्याजवळच्या गावातली मुलगी. तिची आजी रंगूबाई ही आगरी समाजातली धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी जी गाणी गाऊन पार पाडते, ती धवलारीण. ती गाणी धवले. रंगूबाईंचे सगळे धवले रुचिताने त्यांच्याच आवाजात कॉम्प्युटरवर साठवले होते. नंतर आजीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरली होती. घर बदलायच्या दिवशी टेम्पोत चढवताना चालू कॉम्प्युटरच हातातून सुटला.

"चालू कसा राहिला?" दीप्तीने विचारलं.

"वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीला तसाच जोडलेला होता, दोन्ही एकदमच उचललं. माझ्या लक्षात नाही आलं," रुचिता म्हणाली. "दुसरी कॉपी करायची राहून गेलेली."

विकीने सूक्ष्मदर्शकाखाली तबकडी दाखवली. वरच्या बाजूला कडेजवळ एक बारीक, गोल ओरखडा होता. दीप्तीचा चेहरा उतरला. धक्का बसला की टोक वर जायला हवं होतं. ते गेलंही असेल, पण इतक्या जोराच्या आपटण्यापुढे पुरलं नव्हतं. तिने दुकानात फेऱ्या मारायला सुरुवात केली.

"विकी, हा हेड त्या ओरखड्यावरून गेला की मरणार."

"हो. एकदाच चान्स आहे, मॅडम."

"आणि माझ्याकडे ही एकच आहे."

रुचिताने डबीकडे एकदा पाहिलं. मागितली मात्र नाही. तेच बहुधा दीप्तीला सहन झालं नाही. तिने डबी विकीसमोर ठेवली. "उघड. पण चालवणार मी."

धूळ गाळलेल्या हवेच्या कपाटात त्यांनी मला माझ्या डबीतून काढलं आणि परक्या तबकडीवर बसवलं. ती फिरली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी पायाखाली वारा आला. दीप्तीने मला आधी ओरखड्यापासून लांबच्या भागावर नेलं. धवले एकामागून एक निघू लागले. मग ओरखड्याच्या आसपासचा पट्टा राहिला. विकी म्हणाला, "थांबूया का?"

"टोक तापवायचं नाही," दीप्ती म्हणाली. "गार राहिला की तो थोडा वरून उडेल. पुसट वाचेल, पण जरा जास्त जगेल."

मी उडालो. सगळं धूसर दिसत होतं. एकेक ओळ दोनदोनदा वाचत मी पुढे सरकलो. मग ओरखड्याची उचललेली कड माझ्या नाकाला लागली आणि मला काहीच वाचता येईना. दीप्तीने लगेच वीज तोडली. बराच वेळ ती त्या कपाटाच्या काचेवर हात ठेवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दीप्ती रुचिताबरोबर गावात गेली. मला तिने एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून बरोबर घेतलं होतं. ओट्यावर रंगूबाई बसल्या होत्या, गळ्याला पातळ फडकं गुंडाळून. रुचिताने मोबाइल लावला. रंगूबाईंचा खणखणीत आवाज ओट्यावर भरला. परक्या बाईचं गाणं ऐकावं तशा त्या स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. बोटं मात्र मांडीवर ठेका धरत होती.

मांडवात देवांना बोलावण्याचा धवला लागला आणि मध्येच तुटला. नुसती खरखर आली.

"एवढं नाही मिळालं, आजी," दीप्ती म्हणाली. "तेवढ्यात हेड गेला."

रंगूबाईंनी मान हलवली. त्यांचे ओठ हलत होते. रुचिता त्यांच्या अगदी जवळ सरकली आणि ओठांकडे बघत ती ओळ म्हणू लागली. चाल चुकली. रंगूबाईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली.

"तसा नाय," त्या कुजबुजल्या. "दमान घे."

रुचिताने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चापट. तिसऱ्यांदा चापट पडली नाही. रंगूबाई डोळे मिटून पुढची ओळ ओठांनी सांगू लागल्या आणि दीप्ती, जिला एका जागी बसवत नाही, ती ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत तिथून हलली नाही.

मित्रांनो, मी आता काही वाचू शकत नाही. एवढंच सांगतो. कितीही हुशार माणसाने घडवला, तरी हेड कधीतरी पडतोच. तुमचं जे मोलाचं आहे ते एकट्या माझ्यावर सोडू नका. त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आणि जे गाता येतं, ते शिकवणारं माणूस समोर बसलेलं आहे तोवर, त्याच्याजवळ सरकून आपल्या गळ्यात उतरवून घ्या.