सहा हात एक वीत

"पार्सल तिथं ठेवा, मॅडम," मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला.

माझ्या हातात पार्सल नव्हतं. खांद्याला पर्स होती आणि अंगात खाकी होती. अठरा वर्षं मी भंडारा डेपोत कंडक्टर आहे. एसटीची बाई काचेचं दार ढकलून आत आली म्हणजे कुणाचं तरी पार्सल पोचवायलाच आली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "पार्सल नाही. फ्लॅट पाहायचा आहे." तेव्हा कुठे त्यानं मान वर केली, मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोनासाठी?"

तिथंच परत फिरायला हवं होतं. राखी बाईंचा, म्हणजे माझा, राग डेपोत सगळ्यांना माहीत आहे. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांना मी भर रस्त्यात खाली उतरवलं आहे. पण त्या दिवशी राग गिळला, कारण मला ते घर हवं होतं. माझ्यासाठी कमी आणि आईसाठी जास्त.

माझी आई जानकीबाई आंधळगावला एकटी राहते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. ती अजून रोज मागावर बसते आणि कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणते. मागच्या हिवाळ्यात अंगणात पाय घसरून पडली. शेजारीण येईपर्यंत दोन तास तशीच पडून होती, आणि मी तेव्हा तुमसरच्या गाडीत तिकिटं फाडत होते. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, भंडाऱ्याला चल. तिची एकच अट होती. "माग येईन तर मी येईन."

माझी भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, माग कुठला चढवू देतो! म्हणून तळमजला हवा होता. माझ्या कर्जात बसेल असा तळमजल्याचा फ्लॅट सगळ्या शहरात एकाच ठिकाणी होता, त्या नव्या स्कीममध्ये. नाव होतं 'टसर हाइट्स'. बाहेर मोठ्ठा फलक, त्यावर कोशाचं लुगडं नेसलेली गोरीपान बाई, हातात किल्ली. हे नाव आणि ते लुगडं पाहूनच मी भुलले, हेही सांगून टाकते.

त्या माणसाचं नाव भुपेंद्र. नागपूरहून आलेला, टाय लावलेला, चांगला सहा फूट उंच. पहिल्या दिवशी त्यानं मला बसासुद्धा म्हटलं नाही. एक रंगीत पुस्तिका हातात कोंबली आणि म्हणाला, "वन बीएचके पीछे की साइड है. संडेला साहेबांना घेऊन या."

"कोणत्या साहेबांना?"

"म्हंजे डिसिजन घेनारं कोनी असंन ना घरी."

घरी डिसिजन घेणारी मीच होते. मी लग्न केलेलं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हातातली पुस्तिका त्याच्या तोंडावर मारली असती.

पुढच्या रविवारी आईला घेऊन गेले. आणि त्या दिवशी मी खाकी घातली नाही. आईनं विणलेलं कोशाचं लुगडं नेसले, कानात सोन्याचे टॉप्स घातले, आईलाही नवीन लुगडं नेसवलं. त्या टायवाल्याला आम्ही माणसं वाटावीत म्हणून एवढा थाट. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

थाटाचा उपयोग शून्य. ऑफिसात तीन खुर्च्या होत्या. आई एकीवर बसली, मी दुसरीवर बसणार तेवढ्यात कारमधून एक जोडपं उतरलं. भुपेंद्रनं माझ्या हाताखालची खुर्ची उचलून त्यांच्याकडे नेली. त्यांना थंड पाण्याच्या बाटल्या. आम्हाला कोपऱ्यातला कूलर दाखवला, "ग्लास तिथं हाये." सगळं बोलणं त्यांच्याशी. मी दोनदा विचारलं, मेंटेनन्स किती, ताबा कधी. दोन्ही वेळा उत्तर त्या कारवाल्या साहेबांकडे बघून दिलं.

शेवटी त्यांच्याबरोबर आम्हालाही सॅम्पल फ्लॅट दाखवला. आतल्या खोलीत पलंग, पडदे, कोपऱ्यात दिवा. खोली मोठी दिसत होती. पुस्तिकेत छापलं होतं, अकरा फूट बाय दहा फूट. मी मनातल्या मनात पलंग काढून तिथं माग ठेवला सुद्धा.

आईनं दारात चपला काढल्या. आत आली आणि सरळ खाली बसली. भिंतीला कोपर टेकवलं, बोटं लांब केली, बोटाच्या टोकाला दुसऱ्या हाताचं बोट रोवलं, पुन्हा तिथं कोपर. ती हातानं खोली मोजत होती. आमच्याकडे माग असाच होतो. टिकाराम सुतारानं तिचा माग बनवला तेव्हा फुटपट्टी बाजूला ठेवली होती आणि तिच्या हातानं लाकूड मापलं होतं, कारण विणणारीचा हात पोचेल तेवढाच माग कामाचा. माग, ताण्याचं लांबवलेलं सूत आणि बसायची जागा मिळून सात हात लागतात. तेवढंच ती पाहत होती.

भुपेंद्रला हसू फुटलं. त्यानं काउंटरवरच्या मुलीला हाक मारली. "ये देख, ये देख. मॅन्युअल सर्व्हे चालू है." आणि खिशातून मोबाइल काढून वर धरला. कारवाली बाई तोंडावर रुमाल धरून हसली.

मला त्याचा हात धरायला हवा होता. मी काय केलं?

"आई, उठ!" मी ओरडले. बिनतिकीट माणसावर ओरडते त्याच आवाजात. "उठ आनि चूप बस. लोकं पाहून राहिले."

आईनं वर पाहिलं. शेवटचा हात टेकवलेलाच होता. उरलेल्या जागेत तिनं वीत पसरली, मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठली. पलंगालाही जाता जाता हात लावला. "माग इथं नाही बसत," ती म्हणाली. "सहा हात एक वीत भरते. सात पाह्यजे. आनि हा पलंग लेकराचा हाये का?"

"आजी, अकरा फूट हाये. छापलं हाये ना तिथं," भुपेंद्र म्हणाला. "माग ठेवा नाही तर म्हैस बांधा, आपल्याले काय! मॅडम, फॉर्म भरता का? या फ्लॅटसाठी दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत."

आणि मी फॉर्म भरला. टोकनचा चेक दिला. माझ्या आईच्या हातापेक्षा मला त्याचं छापलेलं खरं वाटलं. अठरा वर्षं लोकांची तिकिटं तपासते, हे एक तिकीट तपासलं नाही.

परत जाताना गाडीत आई खिडकीपाशी बसली. वरठी गेलं, मोहाडी गेली, ती बाहेरच बघत होती. मी दोनदा सांगितलं, "आई, अकरा फूट म्हंजे सात हातापेक्षा जास्तच होते." तिनं फक्त मान हलवली. मला वाटलं, म्हातारी रुसली आहे, होईल शांत.

घरी ती सगळ्यात आधी मागाकडे गेली. अर्धं लुगडं चढलेलं होतं. बाबांची पोलादी मोजपट्टी खुंटीला लटकत होती. मी ती काढली. का काढली ते माहीत नाही, कदाचित मीच खरी हे तिला दाखवायला.

"आई, हात दे."

तिनं हात मागाच्या लाकडावर ठेवला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मी पट्टी धरली. अठरा इंच. सुताइतकाही फरक नाही. वीत मोजली, नऊ इंच. मी तिथंच पायरीवर बसून हिशेब केला. सहा हात म्हणजे नऊ फूट, वर एक वीत. पावणेदहा फूट. अकरा नाही!

मग मला जो राग आला तो सांगता येणार नाही. डोकं तडकलं. त्यानं मला पार्सलवाली समजलं, खुर्ची ओढली, साहेब विचारला, ते सगळं एका बाजूला. हा माणूस खोटं माप छापून बसला होता आणि खरं माप काढणाऱ्या बाईला हसत होता. वर तिचे फोटो काढत होता!

सोमवारी सुटी टाकली. डेपोच्या वर्कशॉपमधून लोखंडी टेप मागून आणला. आणि या वेळी मुद्दाम खाकी घातली, बिल्ला लावला. आई म्हणाली, "मी नाही येत." मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

ऑफिसात निवृत्त मास्तर यादोराव आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे त्यांची बायको, बसले होते. जवळच्याच गावचा माणूस, आमच्याच गाडीनं नेहमी येणारा. त्यांच्यासमोरही तीच पुस्तिका उघडी होती, भुपेंद्र पेन काढून तयार होता.

"मॅडम, आज अपॉइंटमेंट नाही तुमची."

"एसटीले अपॉइंटमेंट लागत नाही," मी म्हटलं आणि सरळ सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरले. "मास्तर, तुमी बी या. सही करायच्या आंधी या."

टेपचं एक टोक मास्तरांच्या हातात दिलं, दुसरं मी भिंतीला लावलं. "वाचा, मास्तर. मोठ्यानं वाचा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "नऊ फूट नऊ इंच."

"पुस्तकात किती?"

"अकरा."

भुपेंद्रचा चेहरा आधी लाल झाला, मग गोड. "मॅडम, ते बाहेरून बाहेर माप असते. भिंती धरून. सगळीकडे असंच असते."

"भिंतीत झोपाचं का आमी?" मी ओरडले. "भिंतीत माग लावाचा? आनि हा पलंग? झोप बरं याच्यावर. झोप ना! सहा फुटाचा गडी हायेस तू, झोपून दाखव."

तो हलला नाही. मास्तर मात्र वस्ताद निघाले. चपला काढल्या, पलंगावर आडवे झाले आणि त्यांचे दोन्ही पाय घोट्यांपासून बाहेर लोंबकळले. त्यांच्या घरच्या आधी हसल्या, मग हसू थांबलं आणि त्यांनी समोरची पुस्तिका मिटून पर्समध्ये ठेवली, पुरावा म्हणून. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच छोटा बनवून घेतला होता. आईनं रविवारी नुसता हात लावून ओळखलं होतं.

"माझा चेक," मी म्हटलं.

"टोकन रिफंड होत नाही. नागपूरच्या ऑफिसला मेल करा."

मी दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला. "घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, भाऊ. माझा चेक येईपर्यंत इथून कोनी बाहेर जात नाही आनि जो कोनी आत येईन त्याले मी टेप धरायले लावीन. रेराकडे बिल्डरची तक्रार करीन ते वेगळं." आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. चाळीस माणसांच्या गाडीत नव्वद माणसं भरलेली असतात तेव्हा मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. बाहेर दोन कार थांबल्या होत्या, त्यातली माणसं काचेतून बघू लागली. काउंटरवरच्या मुलीनंच शेवटी खण उघडला. चेक अजून बँकेत गेला नव्हता. मी तो तिथंच फाडला, चार तुकडे केले.

"आनि फोटो," मी म्हटलं. "माझ्या मायचे काढले ते."

त्यानं माझ्यासमोर मोबाइल उघडून पुसले. तीन होते. तिन्हींत आई जमिनीवर वाकलेली, आणि मागे कोशाचं लुगडं नेसलेली मी, तोंड उघडलेलं, बोट तिच्यावर रोखलेलं.

बसस्टँडपर्यंत मी बोलतच होते. कसा गप झाला पाहिलं का, मास्तर कसे झोपले पाहिलं का, हसणाऱ्याची कशी जिरली. अंगातली आग अजून उतरली नव्हती. आई माझ्या मागून चालत होती. आंधळगावच्या गाडीला वेळ होता. ती फलाटाच्या कडेला पायरीवर बसली.

"तो हसला म्हून तू एवढी भांडली," ती म्हणाली. "तो तं परका होता. मले चूप बस तं तू म्हटलं."

मी हातातला टेप पर्समध्ये ठेवला.

"माग बसन अशी जागा भेटन कुठंतरी," आई पदराच्या टोकानं बोटं पुसत म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं. "पन पहिलं तू सांग. तुया घरी मी अशी खाली बसली, हातानं काई मोजलं, तं चालते का तुले? चार लोकं असले तरी?"

समोर डेपोतले दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते, कंट्रोलर खिडकीतून बघत होता, फलाटावर पन्नास तरी प्रवासी होते. मी टोपी काढली आणि खाकीतच, त्या धुळीच्या पायरीवर, तिच्या बाजूला खाली बसले. तिचा हात ओढून घेतला आणि दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला.

"मोज," मी म्हटलं. "गाडी येईपर्यंत सगळा स्टँड मोज."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कोपर टेकवलं.