सोमवारची भांडणं

लेलंड खांद्यापर्यंत कपडे वाळवायच्या गॅसच्या ड्रायरच्या पोटात शिरला होता आणि आतून काहीतरी पुटपुटत होता. आर्डिस तळघराच्या शेवटच्या पायरीवर उशीचा अभ्रा धरून उभी होती. सकाळी पांढरा म्हणून आत टाकलेला अभ्रा राखेत लोळवल्यासारखा होऊन बाहेर आला होता. त्यावरून त्याला दोन शब्द सुनवायचे म्हणून ती खाली आली, पण कोणते दोन शब्द तेच आता आठवेना. डोकं भणभणत होतं.

"पट्टा ठीक आहे," आतून आवाज आला. "जाळी मी साफ केली. पेटतोयही झकास. मग काजळी कुठून येते?"

"मागच्या वेळीही पट्टाच ठीक होता."

"मागच्या वेळी मी पट्टा पाहिला होता?" लेलंडने डोकं बाहेर काढलं. भुवयांना कपड्यांचा भुसा चिकटला होता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि पाहिला होता की नाही याची तिलाही खात्री नव्हती.

लेलंडची सगळी नोकरी मिलवॉकी शहरात बस चालवण्यात गेली. पहिली बायको मॅक्सीन वारल्यावर काही वर्षं तो एकटा राहिला, आणि मग सत्तरी ओलांडल्यावर, जूनमध्ये, त्याने आर्डिसशी लग्न केलं. शहरातलं घर विकून तो तिच्या खेड्यातल्या घरी आला. येताना बरोबर दोन सुटकेस आणि हा ड्रायर. आर्डिसने जन्मभर कपडे दोरीवर वाळवले होते. धुणं फक्त सोमवारी, ही तिच्या आईची शिस्त तिने कधी मोडली नव्हती. मॅक्सीनचा ड्रायर आपल्या तळघरात येणार म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली होती, पण नव्या संसारात पहिल्याच दिवशी कुरबुर नको म्हणून ती गप्प बसली. अंगणातल्या गॅसच्या टाकीतून आलेली नळी लेलंडने स्वतःच ड्रायरला जोडली. गॅस तो गॅस, त्यात काय एवढं.

उन्हाळा फार छान गेला. खिडक्या सताड उघड्या असायच्या. संध्याकाळी ओसरीवर बसून तो बसमधल्या प्रवाशांच्या नकला करायचा आणि ती पोट धरून हसायची. मग थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या आणि कुठे काय बिनसलं कोण जाणे. तो कॉफीत मीठ घालू लागला. ती कोठीच्या खोलीत जाऊन कशाला आलो ते विसरून उभी राहू लागली. त्याच्या नुसत्या घसा खाकरण्यानेही तिचं पित्त खवळायचं. त्यात त्याने जिन्यात लावलेलं धोक्याच्या सूचनेचं यंत्र मधूनच किंचाळायचं. एकदा वैतागून तिने त्याची बॅटरी काढली आणि ड्रॉवरमध्ये फेकली. या माणसापेक्षा याच्या वस्तूच जास्त कटकट करतात, असं तिला वाटलं होतं.

"मी म्हणतो, थोडे दिवस माझ्या मुलीकडे जाऊन राहावं," हात पुसत लेलंड म्हणाला.

या वयात 'थोडे दिवस' म्हणजे किती ते तिला कळत होतं. सकाळी पलंगाखालून बाहेर काढलेली सुटकेसही तिने पाहिली होती. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"जाताना ड्रायर घेऊन जा."

लेलंड वर गेला. आर्डिसला रडू आलं, आणि आपण का रडतोय तेही नीट उमजेना. शेवटी तिने फोन करून ड्रायर सोडवायला गॅसवाल्यांचं माणूस बोलावलं.

दुपारी व्हेंझेल नावाची एक दांडगी बाई आली. काढण्याआधी बिघाड तरी पाहू दे, म्हणून तिने ड्रायर सुरू केला, खालचं झाकण उघडलं आणि जमिनीवर आडवी होऊन आत डोकावली. ज्योत निळी आणि आखूड हवी, ती पिवळीधमक होऊन फडफडत होती. व्हेंझेलने ताबडतोब गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि दोघांना कोट चढवायला लावून बाहेर बर्फात काढलं. ओसरीवर कुडकुडत दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हा आधी शहरात होता ना? नळाच्या गॅसवर?" तिने विचारलं. "टाकीतला गॅस त्याहून जोरकस असतो. त्याला तोटीचं भोक बारीक लागतं, ते कुणी बदललंच नाही. वर मागची धुराची नळी निसटलीय. अर्धा धूर घरातच राहतोय."

"पण वास कसा नाही आला?" लेलंड म्हणाला.

"ह्या धुरातल्या विषाला वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस विसरतो, उगाच दुसऱ्यावर खेकसतो. तुम्हाला होतं का असं कधी?"

"सोमवारी," दोघं एकदमच म्हणाले, आणि पहिल्यांदाच एकमेकांकडे वळून पाहिलं.

व्हेंझेलने दोघांना इस्पितळात पाठवलं. तिथे रक्त तपासलं, नळीतून प्राणवायू दिला आणि थोडक्यात वाचलात म्हणून बजावलं. मग व्हेंझेलने ड्रायरला वाटाण्याएवढी नवी पितळी तोटी बसवली, मागची नळी घट्ट केली. जिन्यातलं यंत्र याच विषाची सूचना देत होतं; त्यात आर्डिसने स्वतः बॅटरी घातली. तेव्हा शरमेने तिचे कान लाल झाले होते.

पुढच्या सोमवारी ड्रायर सुरू झाला आणि दोघं स्वयंपाकघरात कॉफी घेऊन परीक्षेला बसल्यासारखे बसले. डोकं दुखलं नाही. कॉफी गोड होती. कपडे बाहेर आले ते पांढरेशुभ्र, आणि आर्डिसचा जीव भांड्यात पडला. सुटकेस मात्र अजून झोपायच्या खोलीच्या दाराशीच उभी होती.

चादरीची घडी घालायला दोघं समोरासमोर उभे राहिले, दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या.

"रेडिओ मोठा केला म्हणून तू माझ्यावर ओरडलीस ते?" त्याने विचारलं.

"गॅस."

"आणि मी तुझं सूप शेजारच्या कुत्र्याला घातलं ते?"

"तोही गॅसच. पण कुत्र्याने खाल्लं नाही ते त्याचं त्याने ठरवलं."

दोघं हसले. मग लेलंडने चादरीच्या काठाकडे पाहत विचारलं, "थँक्सगिव्हिंगला तू तुझ्या बहिणीला म्हणालीस, एकटी होते तेच बरं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातच होतो. ते?"

आर्डिसला हे ठाऊक नव्हतं. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतो, दर वर्षी गुरुवारीच. त्या दिवशी ड्रायर बंद होता, पाहुण्यांमुळे दाराची सारखी उघडझाप होत होती आणि तिचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. त्या क्षणी ती मनापासून बोलली होती. आणि आज तो जाऊ नये असं तिला वाटत होतं, हेही तितकंच मनापासून होतं.

"गॅस," ती म्हणाली.

लेलंडने जन्मभर सुट्टीच्या दिवसांच्या बस चालवल्या होत्या. कोणता सण कोणत्या वारी येतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मला वाटलंच," तो म्हणाला.

मग पुढे होऊन त्याने आपली दोन टोकं तिच्या हातात दिली आणि खाली लोंबणारी घडी उचलायला वाकला. घडी पुरी झाल्यावर चादर घेऊन तो वर गेला. आर्डिस तिथेच उभी राहून ऐकत होती. कपाटाचं दार वाजलं. मग खण एकामागून एक उघडले आणि मिटले. नंतर पलंगाखाली सुटकेस सरकवल्याचा आवाज आला.